तळमजल्याची काच

"हे कुठून उचललंस?" कॅप्टनने तिला विचारलं, आणि कुणीतरी गाणं बंद केलं.

नाचणाऱ्यांच्या या टोळीत याहून वाईट प्रश्न नव्हता. नाचता नाचता आपटलात तर चार हात उठवायला यायचे, ताल चुकला तर हसून सोडून द्यायचे. पण दुसऱ्याची स्टेप चोरली की विषय संपला. त्यात तिचा लौकिक आधीच काही बरा नव्हता. तिला सगळे 'झेरॉक्स' म्हणायचे, आणि ते नाव उगाच पडलं नव्हतं. मोबाइलवर बघून बघून ती हुबेहूब नाचायची, आणि दर वेळी कॅप्टन म्हणायचा, "छान. पण यात तू कुठेयस?" आता स्पर्धेच्या संघात एकच जागा उरली होती, आणि ती कुणाची ते आज ठरणार होतं.

आज मात्र तिच्या हाताने काहीतरी वेगळंच केलं होतं. हात खांद्यापासून लाटेसारखा निघाला, वरच्या कोपऱ्यात मनगटात वळला, सरसर खाली आला आणि शेवटी एक छोटासा झटका. मध्ये कुठेही थांबला नाही. हे तिने कुठल्याच व्हिडिओत पाहिलं नव्हतं. घरी पाहिलं होतं, लहानपणापासून, खिडकीपाशी. बाबा उंच इमारतींच्या काचा पुसायचे, आणि सुट्टीच्या दिवशी हात शिवशिवायला लागले की घरच्या पुसायचे.

खरं तर "बाबांकडून" एवढा एक शब्द पुरला असता. पण टोळीत तिने सांगून ठेवलं होतं, बाबांचा काचेचा बिझनेस आहे. तसं ते खोटं नव्हतं. फक्त दोरखंड आणि बादली तेवढी गाळली होती.

"उचललं नाही," ती म्हणाली. "आमच्याकडे काचा पुसायला एक बावळट येतो. त्याची नक्कल करता करता जमलं."

कुणीतरी फिसकन हसलं. ते हसू तिला गोड लागलं आणि मग तिला चेवच आला. पाठीला पोक काढून ती उभी राहिली. कोपरा गाठताना बाहेर येणारी जीभ, बाहीला पुसलेलं नाक, घडीघडी वर ओढलेली पँट, तिने काही म्हणून सोडलं नाही. सगळे पोट धरून हसले. कॅप्टनने डोळे पुसत तिच्या पाठीवर थाप मारली. "तू संघात. आणि आजपासून झेरॉक्स बंद."

ते नाचायचे त्या इमारतीच्या तळमजल्याला भली मोठी काच होती. त्या रस्त्यावरच्या बाकी काचांवर बोटभर धूळ, ही मात्र कायम लख्ख. संध्याकाळी ऑफिस सुटून आत अंधार झाला की तिचा आरसा व्हायचा, म्हणून तर त्यांनी ही जागा धरली होती. आज अजून ती कुणी पुसली नव्हती, पण त्या धुरकट आरशातही आपला हसरा चेहरा तिला बरा दिसला. तेवढ्यात आतला दिवा लागला आणि आरसा गेला.

पलीकडे बाबा उभे होते. हल्ली ते कुठल्या इमारतीवर जातात, हे तिने कधी विचारलंच नव्हतं. एका हातात बादली, दुसरा अजून दिव्याच्या बटणावर. अंधारात ते किती वेळ उभे होते, कोण जाणे. काचेतून आवाज जात नाही, पण नक्कल कळायला आवाज लागत नाही. सवयीने बाबांचा हात पँट वर ओढायला कमरेशी गेला, आणि तिथेच थांबला.

"अरे, हा तर तसलाच," कॅप्टन म्हणाला आणि त्याने काचेवर टकटक केलं. बाबा बाजूच्या दाराने बाहेर आले. "काका, हिचा नाच बघितलात का? तुमच्यासारख्याच एकाची नक्कल करते."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. तिने बुटाच्या नाडीकडे पाहिलं. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं तिला झालं. आत्ता बोल, आत्ता बोल, असं मन सांगत होतं.

"काचा पुसणारे सगळे असेच दिसतात," बाबा म्हणाले. आवाज अगदी साधा होता. मग घरी जिला ते 'चिमणे' म्हणून हाक मारायचे, तिला म्हणाले, "ताई, जरा बाजूला होता का? एवढी काच पुसून घेतो."

ती बाजूला झाली.

जीभ आत ठेवून, नाकाला बाही न लावता बाबांनी काच पुसली. हात मात्र तोच होता. खांद्यापासून निघाला, कोपऱ्यात वळला, खाली आला. या वेळी कुणी हसलं नाही. पुसून झाल्यावर त्यांनी बादली उचलली आणि कुणाकडे न बघता ते चालू लागले.

दाराशी स्टुलावर वॉचमन बसला होता. "वरची लिफ्ट बंद पडली, म्हणून आज उशीर झाला त्याला," तो म्हणाला. "नाहीतर तुम्ही यायच्या आत पुसून जातो."

"कामाला पक्का दिसतोय," कॅप्टन म्हणाला.

"काम कसलं? त्याला वरचे मजले दिलेत. ही खालची काच त्याच्याकडे नाहीच. मला विचारून रोज आपणहून पुसतो. म्हणतो, माझी मुलगी इथं नाचते, तिला स्वतःला नीट दिसलं पाहिजे. वर मला बजावलंय, तिला कळू देऊ नका, अवघडेल पोर." वॉचमनने सगळ्यांवरून नजर फिरवली. "तुमच्यातली कोण हो ती?"

तिने हात वर केला. तोवर बाबा कोपऱ्यावरून वळले होते.