निम्म्याहून कमी

नगरपालिकेच्या माणसाने एक हात या भिंतीला टेकवला, दुसरा त्या भिंतीला. फितीचं टोक धरायला त्याला दुसऱ्या कुणाची गरजच पडली नाही. गल्लीची रुंदी वहीत लिहून त्याने टोपी काढली, उंबऱ्याशी बूट उतरवले आणि दारातून आत आला. दुरुस्तीसाठी घराच्या पुढच्या बाजूची भिंत काढलेली होती, नुसते खांब होते. कुठूनही आत येता आलं असतं.

फुमिएने त्याच्यापुढे चहा ठेवला.

"सगळे खांब बदलताय?" त्याने विचारलं.

"वाळवीने खाल्लेत."

"दिसतंय. पण निम्म्याहून जास्त बदलले की ती डागडुजी राहत नाही, बाई. परवानगी लागते."

"मग अर्ज करते."

तो टोपीकडे बघत राहिला. "घरासमोर मोटार जाईल एवढा रस्ता असेल तरच परवानगी मिळते. इथे दोन छत्र्या समोरासमोर आल्या तर एकीला मिटावं लागतं."

"म्हणजे अर्ज करायलाच हवा, आणि केला तर मिळणार नाही," फळीवर बसलेला कुरोइवा सुतार म्हणाला.

"हो."

"बरं. सरळ आहे कायदा."

"आग लागली तर बंब यायला नको का?"

"साहेब, या चढावर आग लागली की आम्ही बादल्या घेऊन धावतो. बंब खाली उभा राहून बघतो."

त्या माणसाने हे ऐकून घेतलं. नागासाकीतल्या अशा गल्ल्यांमधून त्याला रोज हेच ऐकावं लागत असणार.

"तक्रार कुणाची?" कुरोइवाने विचारलं.

"तक्रार नाही हो. खालच्या तोमोनागा आजींनी मागेच फोन करून विचारलं. एवढे खांब वाहून नेणार, तर पायऱ्यांवरच्या कुंड्या कधी हलवू? घरात दुखवटा आहे, बाईंना कशाला त्रास द्यायचा, म्हणून आम्हाला विचारलं."

कुरोइवाने फुमिएकडे पाहिलं नाही. काम सुरू करण्याआधी ती घरोघर जाऊन आली होती. आई जायची तशीच, प्रत्येक घरी एक टॉवेल आणि केकचा डबा घेऊन. 'गळतीचं काम आहे एवढंच सांगा,' असं त्याने तिला बजावलं होतं. पण लोकांच्या दाराशी गुडघे टेकून मान खाली घातल्यावर तिला खोटं बोलवलं नाही. खांब सगळेच बदलायचेत, महिनाभर ठोकाठोक होईल, माफ करा, असं तिने खालपासून वरपर्यंत प्रत्येक घरी सांगितलं होतं.

"फुमिए," मागच्या खोलीतून बाबांचा आवाज आला. "पाहुण्यांना नुसताच चहा दिलास?"

बाबांना दवाखान्यातून घरी आणलं होतं ते त्यांच्याच हट्टामुळे. फेब्रुवारीत आईने ज्या खोलीत प्राण सोडला, त्याच खोलीतून आपणही जाणार, असं त्यांनी डॉक्टरांना सांगून टाकलं होतं, गाडीतली खिडकीजवळची जागा मागावी तसं. वादळांचे दिवस तोंडावर आले होते. त्याआधी घर नीट उभं राहायला हवं होतं.

तो माणूस आत गेला. आईच्या तसबिरीपुढे त्याने उदबत्ती लावली, छोटी घंटा वाजवली, हात जोडले.

"काम नियमाप्रमाणे चाललंय ना, साहेब?" बाबांनी अंथरुणातून विचारलं. "मुलगी एकटीच बघते सगळं."

"हो आजोबा," तो म्हणाला. "नियमाप्रमाणेच होईल."

बाहेर येऊन त्याने बूट घातले. मग हलक्या आवाजात म्हणाला, "नवे खांब निम्म्याहून कमी ठेवा. बाकीच्या जागी जुनेच परत बसवा. मग मला इथे यायचं कारण उरत नाही."

"जुने आतून पोकळ आहेत."

"मोजताना पोकळ आणि भरीव असं वेगळं धरत नाहीत, बाई." निरोप घेताना तो कमरेत वाकला आणि बराच वेळ तसाच राहिला. मग पायऱ्या उतरून गेला.

कुरोइवाने चहा संपवला. देवदाराच्या नव्या खांबांवरून त्याने एकदा हात फिरवला.

"यातले कुठले ठेवायचे?"

"बाबांच्या खोलीभोवतीचे."

"म्हणजे पुढची बाजू जुन्यांवर. वादळ पुढूनच येतं, ताई. समुद्राकडून."

"हो."

"तुम्ही कुठे झोपता?"

"पुढे," फुमिए म्हणाली.

कुरोइवा उठला. पुढचा एक नवा खांब सैल करून त्याने बाजूला काढला. मग दोघं अंगणात गेली. जाळायला म्हणून रचलेल्या ढिगाशी वाकून त्याने जुन्या खांबाचं एक टोक धरलं आणि तिची वाट पाहिली. तिने दुसरं टोक उचललं. अंगातला सगळा जोर तिने गोळा केला होता. त्याची काही गरज पडली नाही. भुसा तिच्या बाहीत गळत राहिला.

खांब जागेवर उभा राहिला. कुरोइवाने मोगरी उचलली आणि ठोकायला लागला.

"फुमिए," आतून हाक आली. बाबांचं सगळं आयुष्य गोदीत लाकूड आणि लोखंड ठोकण्यात गेलं होतं. "हा कसला आवाज?"

मोगरी हवेतच थांबली. कुरोइवा तिच्याकडे बघत होता.

"नवं लाकूड आहे ना बाबा. असंच वाजतं."



"बरं," बाबा म्हणाले. "त्यांना म्हणावं, हळू ठोका."