माणशी दहा किलो

वर्षभर वृद्धाश्रमाकडे न फिरकलेला आमचा एविंदकाका अचानक दर महिन्याला आजीला गाडीतून स्वीडनला फिरवून आणायला लागला. बाबा म्हणाले, "सुधारला बिचारा." मला मात्र दाट संशय, की हा आजीची कशावर तरी सही घेणार! म्हणून या शनिवारी मीही हट्टाने गाडीत बसले. माझी आजी, मी नाही तर कोण सांभाळणार?

सीमेवरच्या पुलापलीकडे, स्वीडनमध्ये, मांस आमच्या नॉर्वेपेक्षा स्वस्त, त्यामुळे आमचं अख्खं हाल्देन गाव तिथल्या दुकानात लोटलं होतं. काकाने ढकलगाडी शिगोशिग भरली, पण कागद-पेन काही बाहेर काढलं नाही. परतताना नॉर्वेच्या हद्दीत कस्टमवाल्याने गाडी अडवली.

"मांस किती?"

"तीस किलो," काका ऐटीत म्हणाला. "माणशी दहा चालतं ना? मोजा की, तिघं आहोत!"

माझी ट्यूब पेटली. काका डिकी उघडायला उतरला, तशी मी आजीच्या कानाशी लागले. "अगं आजी, तो तुला फिरायला नाही, दहा किलो मांसासाठी नेतो!"

"हळू बोल, भवाने," आजी हसली. "ही युक्ती मीच त्याला फोनवर सुचवली."

मग खिडकीतून काकाकडे बघत पुटपुटली,

"आता देवाकडे एकच मागणं आहे. आपल्या नॉर्वेतलं मांस तेवढं स्वस्त होऊ देऊ नको रे बाबा."