राहिलेली क्षमा

आयुषीच्या जैन घरात अंड्याचं नावही काढत नसत. म्हणून जळगावच्या प्रयोगशाळेत कोंबडीचं अंडं फोडण्याआधी ती दर वेळी पुटपुटायची, “मिच्छामि दुक्कडम्.” म्हणजे, मला क्षमा कर. समोरच्यानेही मग हात जोडून तेच म्हणायचं, अशी त्यांच्यात रीत.

काल घाईत ते राहूनच गेलं.

अंड्यातल्या मेलेल्या पिल्लावर तिने अँटिबॉडी सोडली होती. पंख घडवणारं प्रथिन जिथे असेल, तिथे ती हिरवी चमकते. आज मायक्रोस्कोपखाली पंखांचे दोन कोंब चमकत होते, दोन बाजूंना. तिला भरून आलं. उशिरा का होईना, तिने क्षमा मागितली आणि ती बाजूला झाली.

तिचा सहकारी कुंदन बघायला वाकला.

“ताई,” तो हळूच म्हणाला, “हे कोणाला हात जोडतंय?”