चाक न फिरवायचा दिवस

"आधी उतरा सायकलवरून!" श्यामसुंदर मिस्त्री दारातूनच ओरडला.

दिगंबरराव कॅरिअरवरून घाईनं उतरायला गेले, तर धोतराचा सोगा चाकात अडकला. पुढं बसलेल्या शकुननं पाय टेकून सायकल सावरली. मुलगी सायकल मारतेय आणि साठीला टेकलेला बाप मागं बसलाय, ही मौज बजबज गावच्या बाजारानं सकाळपासून दोनदा पाहून घेतली होती. पण मिस्त्रीचा राग त्यावर नव्हता. त्यानं अंगणाकडं बोट दाखवलं.

अंगणात पाट मांडला होता. त्यावर हातोड्या, पाने, कानशी, पकडी, सगळं धुऊनपुसून ओळीनं ठेवलेलं, प्रत्येकाला शेंदराचं बोट लावलेलं. पाटाशेजारी मिस्त्रीची स्वतःची सायकल स्टँडवर उभी होती. तिच्या हँडलला झेंडूची माळ होती.

"आज विश्वकर्मापूजा," मिस्त्री म्हणाला. "आमच्या तागाच्या गिरणीतलं एक चाक आज हलत नाही. आणि तुम्ही माझ्याकडं खोली मागायला येता, ते सायकल पळवत?"

दिगंबररावांना जमिनीत शिरावंसं वाटलं. छापखान्यात पुस्तकं बांधण्यात त्यांचा जन्म गेला होता. खंडेनवमीला ते घरात कुणाला सुईसुद्धा उचलू देत नसत. शकुननं लहानपणी त्या दिवशी पेन्सिलीला टोक काढायला चाकू घेतला, तर दोन दिवस ते तिच्याशी बोलले नव्हते. बंगाली मंडळी हत्यारं आज पुजतात हे त्यांना ठाऊक नव्हतं असंही नाही. तीस वर्षं बंगाली मालकाच्या छापखान्यात या पूजेचा प्रसाद खाल्ला होता. पण पोरीच्या नोकरीच्या धांदलीत ते साफ विसरून गेले होते.

धांदल तशीच होती. उद्या सकाळी आठ वाजता शकुनला इथल्या प्रसूतिगृहात नर्स म्हणून हजर व्हायचं होतं. नदीकाठच्या गावांतून बोलावणं आलं की नव्या नर्सनं जायचं, म्हणून तिनं बजबजमध्येच राहिलं पाहिजे, अशी अट होती. उद्या पत्ता सांगता आला नाही, तर नोकरी दुसरीला जाणार होती. सकाळपासून चार घरं झाली होती. स्टेशनजवळचं घर पक्कं होतं, नळ घरात होता. पण मालक म्हणाला, "मुलगी चालेल, सायकल नको." आणि सायकलीवाचून गावं गाठायची कशी? मिस्त्रीचं घर पत्र्याचं होतं. पण त्याचं मागचं दार थेट नदीच्या बांधावर उघडत होतं. बांधावरची ती पायांनी घट्ट झालेली वाट पार पुढच्या पुजाली गावाकडं गेलेली लांबूनच दिसली, तेव्हा शकुन म्हणाली होती, "बाबा, इथंच."

"चूक झाली, मिस्त्रीबाबू," दिगंबररावांनी हात जोडले. "आम्हीही हत्यारं पुजतो. माझ्याच ध्यानात राहिलं नाही. पुन्हा असं व्हायचं नाही."

"होईल की," शकुन म्हणाली.

"शकू!"

"खोटं कशाला सांगायचं, बाबा?" ती मिस्त्रीकडं वळली. "काका, अशाच पूजेच्या दिवशी कुणी बाई अडली, तर मी सायकल काढणारच. बाळाला काय सांगू? आज थांब, उद्या ये?"

मिस्त्रीच्या कपाळावरची शीर उठली. खोली गेली, हे दिगंबररावांनी ओळखलं. त्यांनी सायकलचं तोंड फिरवायला हात घातला.

तेवढ्यात चुलीपाशी खिचडी ढवळत बसलेली मिस्त्रीची बायको सुचित्रा हातात डाव घेऊनच उठली.

"थोरल्याच्या वेळी कुठला दिवस होता?" तिनं नवऱ्याला विचारलं.

मिस्त्री हँडलवरची माळ सारखी करू लागला.

"हाच होता. सायकल माळ घालून दारात उभी, आणि हे दाईला आणायला पायी. दोन कोस! मी इथं किंचाळतेय आणि हे बांधावरून चाललेत."

"धावत गेलो होतो," मिस्त्री पुटपुटला.

"तुम्ही धावलात. म्हातारी दाई धावणार होती? ती पोचली तेव्हा थोरला दूध पीत होता."

शकुनला हसू आवरेना. सुचित्रानं डाव खाली ठेवला, हात पदराला पुसला आणि शेंदरात बोट बुडवून शकुनच्या सायकलच्या हँडलवर टेकवलं.

"पूजा झाली हिची. आता इथंच उभी राहू दे. बोलावणं आलं की ने."

 मिस्त्रीनं आपली सायकल चाक न फिरवता उचलून हातभर बाजूला ठेवली आणि शेजारी जागा केली.

दिगंबरराव पुन्हा हात जोडायला गेले.  मिस्त्री मात्र शकुनच्या सायकलपुढं उकिडवा बसला होता. त्यानं ब्रेक दाबून पाहिला, पुन्हा दाबला.

"मागचा लागत नाही. बांधावरून खाली उतार आहे, पोरगी थेट नदीत जाईल." त्याचा हात पाटावरच्या पान्याकडं गेला आणि मागं आला.  मग मान वर करून म्हणाला, "बाबू, तुमची हत्यारांची पूजा कधी?"

"अजून तीन आठवडे आहेत."

"मग तुम्हाला आज हरकत नाही. पोरीच्या थैलीत पाना असेल, तो घ्या. बसा इथं."

दिगंबरराव धोतर आवरून खाली बसले. उभ्या जन्मात त्यांनी सायकलचा नट फिरवला नव्हता. मिस्त्री दोन्ही हात पाठीमागं बांधून त्यांच्या डोक्याशी उभा राहिला.

"मिस्त्रीबाबू," दिगंबरराव म्हणाले, "तुमचे उपकार..."

"उजवीकडं," मिस्त्री म्हणाला. "आणखी अर्धा फेरा."