खालचा बँड

आणखी एक दात देशिंगकरांच्या मांडीवर पडला, तेव्हा गेनूने सळई ठेवून पुन्हा मोबाईल बघितला. ह्या माणसाचं पुढे काय करायचं, ते भाई कळवणार होते. तळघर सोडायचं नाही अशी ताकीद होती, आणि तळघरात रेंज नव्हती.

“नेटवर्क तुमच्याच कंपनीचं ना रे, इंजिनिअर? भिकार कंपनी!”

इतका वेळ मुकाट मार खाल्लेल्या देशिंगकरांना हे मात्र लागलं.

“दादा, कंपनीला नावं ठेवू नका,” ते रक्त थुंकून म्हणाले. “फाइव्ह-जीच्या लहरींचा बँड वरचा, तो जाड भिंतीत अडकतो. सेटिंगमध्ये टू-जी लावा. खालचा बँड भिंतीतूनही आत येतो.”

गेनूने लावलं. रेंजच्या दोन काड्या आल्या आणि अडकलेले मेसेज धडाधड वाजले.

“‘चुकीचा माणूस उचललास. सोड त्याला,’” गेनूने मोठ्याने वाचलं.

देशिंगकर उरलेल्या दातांनी हसले. “बघा! कंपनी चांगलीच आहे.”

“थांब की, अजून एक आलाय. ‘त्याने तुझं तोंड बघितलं असेल, तर मात्र संपव.’”

“कुणाचं तोंड?” म्हणत देशिंगकरांनी घाईघाईने डोळे गच्च मिटून घेतले.