गुळगुळीत नाणं

तोंडाला रुमाल गुंडाळलेलं ते गिऱ्हाईक घासाघीस न करता नाणं विकून निघून गेलं, तेव्हाच दुकानदाराला शंका यायला हवी होती. पण जुन्या नाण्यांपुढे त्याचा धीर कधी टिकलाय?

नाणं दोन्हीकडून अगदी गुळगुळीत झालं होतं. असल्या झिजलेल्या नाण्यावर तो कागद ठेवायचा आणि पेन्सिल आडवी धरून घासायचा. छाप उमटली तर नाण्याचा भाव, नाहीतर नुसत्या धातूचा.

छाप उमटली! एक कान, आणि कानामागे खोचलेलं काहीतरी.

"अगं, लॉटरी लागली आपल्याला!" तो दुकानामागच्या घराकडे बघून ओरडला. "असला राजा कुणाच्या बापाने पाहिला नसेल!"

"राजाला म्हणावं थांब जरा, दूध उतू जाईल," आतून बायको म्हणाली.

एवढ्यावर भागलं असतं, पण त्याचे हात शिवशिवत होते. त्याने पुन्हा घासलं, गाल उमटला. पुन्हा घासलं, नाक आणि जाड भिवया उमटल्या. त्याचा चेहरा गार आणि गुळगुळीत पडल्यासारखा झाला होता, पण तिकडे बघायला सवड कुणाला होती? हनुवटीवरचा व्रणसुद्धा उमटला, तसा तो कागद नाचवत आत धावला.

बायकोने हात पुसले, कागद उजेडात धरला आणि ती खुदकन हसली.

"अहो, हे तर तुम्हीच! कानामागे पेन्सिल, हनुवटीवर तीच खूण."

हसत हसत तिने वर पाहिलं. कागद छातीशी घट्ट धरून ती भिंतीपर्यंत मागे सरकली.

"कोण हो तुम्ही?" ती म्हणाली. "आणि हे कुठे आहेत?"