तेवीस नंबरची मादी

यंत्राची टिकटिक पाण्याकडून नाही, गावाकडून येत होती.

अर्पिता मॅडमनी अँटेना पुन्हा येलदरीच्या जलाशयाकडे फिरवून पाहिला. आवाज पडला. गावाकडे वळवला तसा वाढला. "तेवीस नंबर," त्या म्हणाल्या. "दत्तराव, आपली रोहू जमिनीवर आहे."

दत्तराव मॅडमची नुसती होडी वल्हवायचा नाही. बारा दिवसांपूर्वी मॅडमनी त्या मादीच्या पोटात माग दाखवणारं बोटभर यंत्र बसवून टाके घातले, तेव्हा त्यानंच तिला ओल्या फडक्यात धरून ठेवलं होतं. अंडी घालायला ती पूर्णा नदीत कुठवर चढते, ते त्यातून कळणार होतं. मासेमारी बंद आहे, टाके असलेला मासा चुकून घावला तरी पाण्यात सोडा, असं त्यानंच दारोदार जाऊन बजावलं होतं. ज्याच्या घरी सापडेल त्याचा परवाना गेलाच समजा, हेही त्यानंच ठणकावलं होतं.

पारापाशी मॅडम डावीकडे वळल्या. दत्तराव झपाझप चालून त्यांच्या पुढे आला. त्या गल्लीत घरं तीनच, आणि शेवटचं त्याचं.

"लय ऊन हाय मॅडम, संध्याकाळी बघू की," तो म्हणाला. मॅडम थांबल्या नाहीत.

त्याच्या दारात मॅडमच्या हातातलं यंत्र नुसतं कोकलायला लागलं.

त्याच्या बायकोनं, बायनाबाईनं, काही लपवलं नाही. आतून एक वाटी आणून मॅडमच्या हातात दिली. वाटीत धुतलेलं यंत्र होतं, लांब तारेसकट.

"टाके दिसले व्हते मला," ती म्हणाली. "पन लेक बाळंतीन हाय. चार दिस झाले, दूध उतरंना. लेकरू नुसतं रडायलंय. म्हनून सोडला न्हाई मासा."

"मावशी, अंडी होती पोटात?"

"गाभोळी भरून व्हती. तीच पयली दिली निकिताला."

मॅडम ओट्यावर बसल्या. वही उघडली. आत बाळ गप होतं. त्या हळूच म्हणाल्या, "दत्तराव, तुम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. यंत्र काठावर पडलेलं सापडलं, असं लिहिते मी."

दत्तरावाला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचीच लाज वाटली.

"माहीत कसं नसंल मॅडम," तो म्हणाला. "सकाळी त्याच रश्शात भाकर कुस्करून खाल्ली मी. मासा कुठला, ते मुद्दाम इचारलं न्हाई."